मुंजीच्या बासुंदीचा तपास

माणिकबाईंचं कार्ड मार्चमध्ये आलं. आता जून निम्मा संपला, तरी मी उत्तर दिलेलं नाही. कार्ड एका जाड शब्दकोशात, 'क्ष'च्या पानांत ठेवलं आहे, कारण तिकडे घरातलं कोणी फिरकत नाही. रोज सकाळी मी ते काढतो, वाचतो, उत्तराची पहिली ओळ मनाशी जुळवतो आणि ती फारच धीट वाटली की कार्ड परत ठेवतो. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर ठेवणं एवढंच मला नीट येतं.

कार्डात असं आहे :

'कमलाकांतजीले दर्यापूरहून माणिकबाईचा नमस्कार. बापूसाहेब वकिलाच्या घरच्या मुंजीत तुमी सैपाकघरात होते. मी सैपाक कसा करतो ते तुमी पाह्यलं. तवापासून मले कोनी चुलीपाशी उभं करत नाही. दाल मिलमधे तूर निवडून राहिलो. अकोल्याच्या बोर्डिंगात सैपाकिणीची जागा हाय. जानरावजी मॅनेजर म्हनतात, मुंजीचं बालंट गेल्याबिगर घेत नाही. जूनच्या आखरीले बोर्डिंग उघडते. दोन ओळी लिहून द्या का माह्या हातची खोट नव्हती. तुमी पढेलिखे, तुमचं लोक आयकतीन.'

आणि खाली, वेगळ्या ऐटीत : 'ता. क. बाईस लिहिता येत नसल्याने मजकूर मी लिहिला. उत्तरही मीच वाचून दाखवीन. कार्ड आल्यास बाजाराच्या दिवशी चौकात वाचतो, तशी इथे पद्धत आहे. देवमन, पोस्टमन.'

हे बालंट आलं कसं, ते सांगायला मोरोपंतांपासून सुरुवात करावी लागेल. मोरोपंतांविषयी मोरोपंतांइतकं चांगलं कोणी बोलत नाही, म्हणून त्यांचेच शब्द देतो.

"कमलाकांत, या सबंध वऱ्हाडात जंतू दोघांनाच दिसतो. एक सूक्ष्मदर्शकाला आणि दुसरा मला. त्यातही सूक्ष्मदर्शकाला उजेड लागतो."

मोरोपंत निवृत्त सॅनिटरी इन्स्पेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी बंद पडलेल्या एका शाळेच्या लिलावात सूक्ष्मदर्शक घेतला आणि दारावर 'जंतुशोधक' अशी पाटी लावली. भिंगाला मधोमध तडा होता. त्यामुळे त्यांना प्रत्येक जंतू जोडीनं दिसे. गुन्हेगार कधी एकटा नसतो, हा त्यांचा सिद्धांत त्यातूनच निघाला असावा. मला त्यांनी सहायक नेमलं, कारण मी नाही म्हटलं नाही. तसं मी कोणालाच म्हणत नाही.

साठ सालच्या मे महिन्यात, अमरावतीला, बापूसाहेब वकिलांच्या नातवाची मुंज होती. मोरोपंतांनी अन्नाची तपासणी करण्याचं स्वतःहून कबूल केलं. प्रत्येक पदार्थाचा नमुना पंगतीच्या आधीच बाटलीत भरून लाखेनं बंद करायचा, अशी योजना.

"गुन्हा घडल्यावर पुरावा कोणीही गोळा करतो," ते म्हणाले. "आपण आधी करायचा."

पण स्वयंपाकघर सोवळ्यातलं आणि मोरोपंत कोट-बुटातले. तेव्हा सकाळी आठ वाजता आंघोळ करून, ओल्या धोतरानं, बाटल्या घेऊन मी निघालो. दारात बापूसाहेबांच्या बहिणीनं, गोदावरीकाकूंनी, मला नखशिखान्त पाहिलं, जे जे ओवळं होतं ते काढून ठेवायला लावलं आणि मग आत सोडलं.

माणिकबाईंनी बासुंदीचं पातेलं पहाटेच उतरवून ठेवलं होतं, आता ते कोमट झालं होतं. त्यांनी पळी पुढे केली.

"पळी घ्या न काका. हात काहून घालता?"

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेरून मोरोपंत म्हणाले, "पळी नको. पळीवर आधीचे जंतू असतात. बाटली थेट बुडवा."

माणिकबाई मोठ्या तज्ज्ञ, मोरोपंत त्याहून मोठे. मी मनगटापर्यंत हात बुडवून दोन बाटल्या भरल्या.

मुहूर्त लांबला. पंगत बसायला एक वाजला. माणिकबाईंनी बासुंदीला पुन्हा उकळी दिली आणि मग वाढली. चार वाजता पहिल्यांदा बटू ओकला. मग भटजी. मग बापूसाहेब, त्यांचे पक्षकार आणि मी. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस माणसं आडवी झाली. सकाळी सगळे उठून बसले, एवढं देवानं बरं केलं. ठणठणीत राहिले ते दोघंच : उपास असलेल्या गोदावरीकाकू आणि मोरोपंत, जे स्वतः तपासलेलं अन्न कधीच खात नाहीत.

तपास एकवीस दिवस चालला. पहिला संशय वरूडच्या संत्र्यांवर.

"पण मोरोपंत, पानात संत्री नव्हतीच."

"तेच म्हणतो मी. वऱ्हाडातल्या मुंजीत संत्री नाहीत. का नाहीत?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मग संशय पातेल्याच्या कल्हईवर गेला. नत्थुजी कल्हईवाल्यानं पातेलं उचलून त्यांच्यासमोर धरलं. "पाहा यात तोंड. आरसा केला आरसा." मोरोपंतांनी वाकून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "आत एक संशयित इसम दिसतो."

पुढचे सहा दिवस बापूसाहेबांकडून खटला हरलेल्या एका वकिलाच्या घरासमोर गेले. तो रोज दोनदा बाहेर येऊन आम्हांला पाणी विचारत असे. मोरोपंतांनी ते वहीत 'पाणी पाजण्याचा सतत प्रयत्न' असं टिपून घेतलं.

मध्यंतरी सूक्ष्मदर्शकात त्यांना एक लांब, काळा, किंचित वाकलेला जंतू दिसला. त्याला त्यांनी स्वतःचं नाव दिलं. त्याचं चित्र आणि दुसरी सीलबंद बाटली त्यांनी नागपूरच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथून आलेलं उत्तर मला जवळजवळ पाठ आहे. नमुन्यात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतू सापडले. हे माणसाच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतात. उन्हाळ्यात, कोमट दुधात, चार-पाच तासांत अतोनात वाढतात आणि विष सोडतात. मागाहून उकळलं तर जंतू मरतात, विष मरत नाही. शेवटी एक ओळ होती : सोबतचं चित्र पापणीच्या केसाचं आहे.

मोरोपंतांनी शेवटची ओळ वाचली नाही. "जखम," ते म्हणाले. "हात. स्वयंपाकीण. चला दर्यापूरला."

एसटीनं गेलो. माणिकबाईंनी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. भाजल्याचे जुने डाग सोडले तर ओरखडाही नव्हता.

"बसलं समाधान?" त्या म्हणाल्या. "आता चहा घ्या. हात धुऊनच करून राहिलो."

बाहेर आल्यावर मोरोपंत म्हणाले, "पाहिलंत? जखम बरी करून टाकली. केवढी ही पूर्वतयारी."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूसाहेबांच्या बैठकीत निकाल जाहीर केला. बैठकीतून तो कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये गेला, तिथून पक्षकारांबरोबर तालुक्या-तालुक्याला.

त्या रात्री जेवताना मी नागपूरचं पत्र घरी वाचून दाखवलं. माझी बायको रमा भाकरी भाजत होती.

"अहो, पण तुमच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं ना तेव्हा?"

"त्याला पट्टी होती."

"होती तर. मीच बांधली होती. घरी आलात तेव्हा कुठे होती?"

पट्टी गोदावरीकाकूंच्या खिडकीत होती. दारात त्यांनी विचारलं होतं, ही चिंधी घेऊन कुठे निघालात? मी म्हटलं, नखुरडं झालंय, पिकलंय. त्या म्हणाल्या, नखुरडं चालेल, चिंधी चालायची नाही, ती ओवळी आहे. मी ती काढली, खिडकीत ठेवली, आणि सोवळं नखुरडं घेऊन आत गेलो.

रमाच्या तपासाला एक भाकरी फुगायला लागतो तेवढा वेळ लागला. भाकरी करपलीही नाही.

मी सकाळी मोरोपंतांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ, जरा मायेनंच पाहिलं.

"तुम्ही? कमलाकांत, त्रेचाळीस माणसं. एवढं काम तुमच्या हातून होईल?"

"झालंय, असं वाटतं."

"वाटतं ना? मग झालं. आणि सहायकच दोषी निघाला, तर शोधक काय करत होता, असं लोक विचारतील. ते बरं दिसणार नाही."

माझ्या स्वतःच्या मतावर माझा कधीच फार विश्वास नव्हता. त्यांचं माझ्याविषयीचं वाईट मत मला त्या दिवशी सोयीचं वाटलं. मी घरी आलो आणि दहा महिने गप्प बसलो. मग कार्ड आलं, आणि त्यानंतरही.

काल रमाला लोणच्याच्या फोडींवर ठेवायला वजन हवं होतं. तिनं शब्दकोश उचलला. कार्ड खाली पडलं. तिनं ते उभ्या-उभ्याच वाचलं.

"कधी आलं हे?"

"मार्चमध्ये."

तिनं शब्दकोश परत ठेवला आणि फोडींवर पाटा ठेवला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी पोस्टातून पाकीट आणलं आणि पाच पानी उत्तर लिहिलं. त्यात जंतुशास्त्राचा थोडा इतिहासही आला होता. रमानं पाकीट बोटांत धरून पाहिलं.

"हे बंद पाकीट देवमन तिच्या ओसरीत बसून वाचेल. तिला तर ठाऊकच आहे की तिची चूक नाही. नाव चारचौघांत गेलं तिचं."

मी परत पोस्टात गेलो. कार्डावर पाच पानं मावत नाहीत, हा कार्डाचा मोठाच गुण आहे. मी लिहिलं :

'माणिकबाईंस नमस्कार. तुम्ही पळी देत होता. मी ती घेतली नाही आणि पिकलेल्या अंगठ्याचा हात बासुंदीत बुडवला. त्यानेच सगळे आजारी पडले. दोष माझा, तुमचा नाही. नागपूरचे पत्र माझ्याकडे आहे, जानरावजींना दाखवायला मी स्वतः अकोल्याला येईन. उत्तराला उशीर केला, तो दोषही माझाच. कमलाकांत. ता. क. देवमन, जोरात वाचावे.'

पेटीपाशी मोरोपंत भेटले. कार्ड दिसलं की वाचायचं, ही पद्धत दर्यापूरचीच आहे असं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढून सगळं वाचलं.

"अक्षर ओळखीचं वाटतं."

"माझं आहे."

"कोणीतरी तुम्हांला यात गोवलंय, कमलाकांत. मी छडा लावतो. तोवर हे टाकू नका."

मी कार्ड टाकलं. मोरोपंत पेटीच्या फटीतून भिंगानं बराच वेळ पाहत राहिले आणि मग छडा लावायला गेले.

पेटी साडेचारला उघडते. माझा स्वतःवर भरवसा नाही, एखादे वेळी कार्ड परत मागायला यायचो, म्हणून तिथेच उभा राहिलो. पोस्टमन आला. त्यानं पत्रं झोळीत ओतली. माझं कार्ड वरच राहिलं होतं. ते त्यानं उचललं, सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अंगठा बरा हाय का आता?"

"बरा आहे," मी म्हटलं.