लाल किटली

झुहदींच्या गाडीत लाल किटली पेटली ती नेमकी मुलासाठी मुलगी मागायला निघायच्या दिवशी. त्यांना तो शुभशकुन वाटला, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. स्टिअरिंगमागच्या काळ्या पट्टीवर एक छानशी किटली लालभडक उजळली होती. लांब चंचू, मागे कान आणि चंचूच्या टोकाला लोंबणारा एक थेंब. झुहदींच्या सल्त गावात घरोघरी अशीच पितळी किटली असते आणि तिच्यातून कॉफीच पडते.

"हाजी, बघितलंत का?" शेजारी बसलेल्या हाजी मुतलकांना ते म्हणाले. "आपण कुठे निघालोय ते गाडीलासुद्धा कळलंय."

"माशाल्ला," हाजी म्हणाले. त्यांना किटली दिसली नव्हती, पण माशाल्ला म्हणायला दिसावं लागतंच असं नाही.

हाजी घराण्यातले सगळ्यात वडील. मुली मागायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. मुलीच्या बापाने कॉफी पुढे केली की हाजी तो कप न पिता समोर ठेवत, मागणी घालत, आणि बाप "प्या कॉफी, दिली मुलगी" म्हणाला की मगच तो उचलत. त्यांनी ठेवलेला कप आजवर कधी फुकट गेला नव्हता.

मिठाईचं ताट मांडीवर सांभाळत मागे बसलेली झुहदींची बायको उम्म मैसरा, म्हणजे मैसराची आई, पुढे झुकली. "अहो, ती लाल का आहे पण?"

"मग काय निळी असणार? निखाऱ्यावरची किटली आहे ती."

"आणि बाजूला चिकटपट्टी लावून काय झाकलंय?"

"पिवळा दिवा. पिवळा म्हणजे नुसता सल्ला. न मागता सल्ला देणाऱ्याचं आपण काय करतो?"

"तुम्ही माझं काय करता ते मला ठाऊक आहे," उम्म मैसरा म्हणाली.

झुहदींची गाडी कोरियातून जुनी म्हणून आलेली. तिच्याबरोबर आलेलं माहितीचं जाडजूड पुस्तक कोरियन भाषेतच होतं. ते त्यांनी मोठ्या आदराने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं आणि दिव्यांचे अर्थ स्वतःच लावले होते. तीन महिने झाले तरी गाडी चालत होती, म्हणजे अर्थ बरोबरच असणार.

आज मात्र उशीर करून चालणार नव्हतं. मागायची होती ती रुबा. तिचे वडील अबू तमीम हे निवृत्त मुख्याध्यापक. झुहदींचा मुलगा मैसरा त्यांना मनातून पसंत नव्हता. लेकीच्या हट्टापुढे कसेबसे नमले होते. "दुपारी असरच्या नमाजानंतर लगेच या," त्यांनी निरोप धाडला होता. "जे मागायलासुद्धा वेळेवर येत नाहीत, त्यांच्या घरी मी मुलगी देत नाही." मैसराने आईला वेगळं सांगितलं होतं, "त्यांना नाही म्हणायला फक्त निमित्त हवंय, आई."

सहा गाड्या निघाल्या. पुढे झुहदी, त्यांच्या लगेच मागे मैसरा. अजलूनच्या रस्त्यावर ऑलिव्हच्या बागा लागल्या आणि मैसराने हॉर्न वाजवला. मग लांबच लांब वाजवला. मग पुढचे दिवे उघडझाप करत, खिडकीतून हात हलवत, वाजवतच राहिला. मागच्या चारही गाड्यांनी त्याला साथ दिली.

"पोरगा किती खूश आहे बघा," झुहदी म्हणाले, आणि मंगलकार्याच्या गाड्यांनी वाजवायचा तो ठेका त्यांनीही धरला. चारही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवले. वाटेतल्या एका मेंढपाळाने काठी उंचावून शुभेच्छा दिल्या.

उम्म मैसराचा फोन वाजला. "मैसरा आहे. काही ऐकू येत नाहीये, नुसते हॉर्न."

"आनंद झालाय त्याला."

"ओरडतोय तो."

"आपण काय कमी ओरडलो होतो? मी तर तुझ्या भावाची खिडकी फोडली होती."

मग इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. पाहुणे आले की खलात कॉफी कुटतात ना, अगदी तशी, तालात. झुहदींना आधी बरं वाटलं. पण कुटणारा थांबेना. उलट आता कॉफीऐवजी दगड कुटतोय असं वाटायला लागलं. आरशात पाहिलं तर मैसराची गाडी निळ्या धुरात कुठेतरी होती. गाडीने दोन गचके दिले आणि एका अनोळखी घराच्या सताड उघड्या फाटकासमोर ती गप्प झाली.

झुहदी उतरून बॉनेटमध्ये शिरले. त्यात त्यांना काही कळत होतं अशातला भाग नाही, पण लोक बघत असताना बाहेर उभं राहणं वाईट दिसतं.

चूक झाली ती इथे. हाजींना वाटेत डुलकी लागली होती. गाडी थांबली तसे ते जागे झाले. समोर उघडं फाटक, अंगणात ओळीने मांडलेल्या खुर्च्या, हवेत वेलदोड्याचा वास. घराच्या मालकाचा भाऊ मक्केहून उमरा करून आला होता, भेटीला येणाऱ्यांसाठी ही तयारी. हाजींनी आपला झगा सावरला, काठी टेकली आणि चालू पडले. हाजी निघाले म्हटल्यावर मागच्या गाड्यांतले सगळे निघाले. धुरातून उतरणाऱ्यांना कोणाचं घर कोणतं ते कसं दिसणार? उम्म मैसरा ताट घेऊन बायकांच्या दारातून आत गेली. घर चुकलंय हे तिला कळलं होतं, पण कोणी या म्हटलं तर जायचं असतं.

घरमालक फव्वाज, बागायतदार माणूस. आलेल्याला का आलात विचारणं त्याच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. त्याने सगळ्यांना बसवलं आणि स्वतःच्या हाताने हाजींना कॉफी दिली.

हाजींनी कप समोर ठेवला.

फव्वाजच्या हातातली किटली तिरकी झाली.

"तुमच्या घराण्याचं नाव ऐकून आलोय," हाजी म्हणाले. "जे मागायला आलोय ते मिळाल्याशिवाय ही कॉफी घशाखाली उतरायची नाही."

फव्वाजच्या घरात लग्नाची एकच व्यक्ती होती, धाकटी बहीण नवाल. तिने आलेली स्थळं परत पाठवता पाठवता आता स्थळं यायचीच थांबली होती. इतकी माणसं, असा हाजी, आणि तेही आपण होऊन दारात. फव्वाजचे डोळे भरून आले. "प्या हाजी. ज्यासाठी आलात ते दिलं."

आत बायकांनी जिभा नाचवत आनंदाचा गजर केला. झुहदींचं डोकं बॉनेटवर आपटलं.

ते धावत अंगणात आले तेव्हा उम्म मैसरा पडद्याआडून त्यांना खुणावत होती. "अहो, काहीतरी करा. यांची बहीण आहे, नवाल. गणित शिकवते. खिडकीतून मैसराला बघून म्हणाली, वय कमी आहे पण उंची चालेल."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अबू तमीम. "असर केव्हाच झाली," ते म्हणाले. "आणि हा गजर कसला? कोणाच्या लग्नात आहात तुम्ही?"

"वाटेतच आहोत," झुहदी म्हणाले आणि फोन बंद केला. मग त्यांनी फव्वाजचे दोन्ही हात धरले. "भाऊसाहेब, माफ करा. आम्ही मागणी घालायला निघालो होतो खरे, पण दुसरीकडे. तुमच्या दारात गाडी बंद पडली हो."

फव्वाजचे कान लाल झाले. दिलेला शब्द, आत झालेला गजर, आणि वर अख्खं गाव भिंतीवरून डोकावत होतं.

"हाजी," झुहदी कुजबुजले, "कप उचला. निघू या."

"ठेवलेला कप मी काही न घेता उचलत नाही," हाजी म्हणाले. "आजवर उचलला नाही."

"बाबा," मैसरा मागून दात आवळून म्हणाला, "ती किटली केव्हापासून पेटली होती?"

"घरापासून. कॉफीची."

"तेलाची आहे ती, बाबा. इंजिनातलं तेल संपलं की पेटते. पेटली की गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे बंद करायची असते. पिवळा सल्ला देतो हे बरोबर आहे. लाल हुकूम देतो. मागून धूर दिसत होता, म्हणून अर्धा तास ओरडून आणि वाजवून मी घसा आणि हॉर्न दोन्ही बसवले."

"मला वाटलं तुला आनंद झालाय."

खिडकीतून नवालचा आवाज आला. "दादा, उगाच डोळे पुसू नकोस. मलाही हो म्हणण्याआधी चौकशी करायचीच होती की. त्यांना तेल हवंय, तर तेल मागू देत. ज्यासाठी आलात ते दिलं, असंच म्हणालास ना तू?"

फव्वाजने हाजींकडे पाहिलं. हाजींनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग काठी टेकून उभे राहिले आणि मुलगी मागतानाचा खास आवाज काढला. "फव्वाज, तुमच्या या थोर घराकडे आम्ही आमच्या गाडीसाठी चार लिटर इंजिन ऑइल मागायला आलो आहोत."

"ट्रॅक्टरसाठी आणलेलं सीलबंद आहे," फव्वाजचा ऊर भरून आला होता. "दिलं. प्या कॉफी."

हाजींनी कप रिकामा केला. आत पुन्हा गजर झाला. बायकांना थांबवणार कोण? "आणि नरसाळं?" नवालने विचारलं. "ते नाही मागितलं त्यांनी."

तेल पडलं, किटली विझली, टकटक मंदावली. मैसराने वडिलांना मागे बसवून गाडी स्वतः हाकली, जपून, हळूहळू. अबू तमीम उंबऱ्यावरच उभे होते. इतक्या उशिराचा हिशेब कसा चुकता करायचा ते त्यांनी ठरवलंच होतं. हाजींनी ठेवलेला कप पार थंडगार होऊ द्यायचा, पाहुण्यांचा घाम काढायचा, मग पाठ केलेलं भाषण करायचं आणि त्यानंतर कदाचित हो म्हणायचं.

कॉफी आली. हाजींनी कप घेतला आणि एका घोटात पिऊन टाकला. रिकामा कप हलवून पुढे केला, म्हणजे पुरे.

कॉफी प्यायलेला माणूस काही मागायला आलेला नसतो, सहज भेटायला आलेला असतो. झुहदींनी हाजींच्या कोपराला हळूच ढोसलं.

"ढोसू नकोस," हाजी मोठ्याने म्हणाले. "एका दिवसात दोनदा मागायचं वय नाही माझं. मागितलं, मिळालं, दमलो."

अबू तमीम खाकरले. "हाजी, तुम्ही काहीतरी बोलणार होतात ना?"

"हवा छान आहे तुमच्याकडे."

"मुलीबद्दल वगैरे?"

"सुखी राहो."

आतल्या खोलीत कोणीतरी, बहुतेक रुबाच, हातातला ट्रे दाणकन ठेवला. अबू तमीमांनी दाराकडे पाहिलं, खिशातल्या भाषणाला हात लावून पाहिला; मागणीशिवाय ते कोणत्या तोंडाने करणार? शेवटी त्यांनी स्वतःसाठी कप भरला आणि न पिता समोर ठेवला.

"हाजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचा मैसरा आमच्या रुबासाठी मागतो. नाही म्हणालात तर ही कॉफी प्यायची नाही मी."

उम्म मैसराने पडद्याआड तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं. हाजींनी डोळे मिटले, दाढी कुरवाळली, आणि इतका वेळ घेतला की कॉफीवरची वाफ पार विरून गेली.

"प्या," ते म्हणाले. "मुलगा दिला. पण त्याच्या बापाची गाडीही तुम्हालाच ठेवून घ्यावी लागेल."