प्रकल्पात न बसणारा पंखा

जगातल्या अडचणी दोन प्रकारच्या असतात: सोडवायच्या आणि सोडवून दाखवायच्या. पहिल्या कुणाच्याही वाट्याला येतात. दुसऱ्या मात्र पारखून, समिती नेमून निवडाव्या लागतात, आणि त्या निवडीचं एक शास्त्र आहे. ते शिकण्यासाठी लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्याने आपल्या एकुलत्या एक उपव्यवस्थापकांना शहराबाहेरच्या हॉटेलात आठवडाभर ठेवलं. ते 'हिरवा पट्टा', म्हणजे इंग्रजीत ग्रीन बेल्ट, ही पदवी घेऊन परतले. (प्रत्यक्षात पट्टा देत नाहीत. समारोपाच्या दिवशी उपव्यवस्थापक मोठ्या आशेने सैल पँट घालून गेले होते.)

कारखान्यात त्यांचं नाव 'पट्टेवाले' पडलं. कचेरीतला खरा पट्टेवाला तेवढा त्यांना साहेब म्हणत राहिला. पट्टा मिळाल्याने माणसाचं काय होतं हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

पदवी पक्की व्हायला एक सुधारणा-प्रकल्प पूर्ण करावा लागणार होता, आणि पदवी पक्की झाली तरच बढती. उपव्यवस्थापक चाळणी घेऊन बसले. प्रकल्प मोजता येण्याजोगा हवा, सहा महिन्यांत संपणारा हवा, आणि मुख्य म्हणजे अडचणीचं कारण आधी माहीत नसावं. माहीत असेल तर तो प्रकल्पच नव्हे. त्यांनी पदरची एक अट जोडली: मालकांच्या नातेवाइकांपैकी कुणी दुखावलं जाऊ नये. (ही अट हॉटेलात शिकवत नाहीत. तिला अनुभव लागतो.)

अडचणींना तोटा नव्हता. कपाटांची दारं लागत नसत; पण बिजागऱ्या मालकांच्या साडूंच्या वर्कशॉपमधून येत, त्यामुळे कारण माहीत होतं आणि ते दर रविवारी मालकांकडे जेवायलाही असे. बाद. माल भलत्याच पत्त्यावर जाई. पाठवणी बघणाऱ्या काकांना चष्मा लागला होता आणि ते तो लावून घेत नव्हते. कारण माहीत, बाद. रंगविभागात हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बंद होता आणि तिथले रंगारी दादा दिवसभर खोकत. पंख्याची मोटर जळाली होती. हे कारण तर इतकं माहीत होतं की चाळणीत टाकताच ते खाली पडलं.

अशा कसोशीने, कारण कुणालाही ठाऊक नाही अशी कारखान्यातली एकमेव अडचण हाती लागली: मीटिंगा उशिरा का सुरू होतात? साहेब लोक रहदारीला दोष देत, रहदारीत न अडकलेले साहेब लोकांना. समितीने प्रकल्प एकमताने मंजूर केला. त्याचा अभ्यास करायला मीटिंगा बोलावल्या गेल्या, त्या उशिरा सुरू झाल्या, त्यामुळे आकडे जमवायला कुठे जावं लागलं नाही. ब्याण्णव टक्के मीटिंगा उशिरा सुरू झाल्याचं आढळलं. उरलेल्या आठ टक्के झाल्याच नाहीत. भिंतीवर माशाच्या सांगाड्यासारखी आकृती लागली, तिच्या एकेका काट्यावर एकेक कारण. शेवटी निष्पन्न झालं की मीटिंग उशिरा सुरू होणार हे माहीत असल्याने लोक उशिरा येतात. उपाय म्हणून मीटिंगची अधिकृत वेळ अर्ध्या तासाने पुढे नेण्यात आली. उशीर शून्यावर आला. मालकांनी टाळ्या वाजवल्या, पदवी पक्की झाली, बढतीचा कागद सहीला गेला.

त्याच आठवड्यात रंगारी दादा दवाखान्यात दाखल झाले.

उपव्यवस्थापक भेटायला गेले. दादांनी पंख्याचा विषयही काढला नाही. उलट, "साहेब, तुमचा तो मासा छान झालाय, रंगाचे मात्र दोन हात द्यायला हवे होते," एवढं म्हणाले आणि मग बराच वेळ खोकले. उपव्यवस्थापकांना तिथे बसवेना.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, चाळणीचं शास्त्रही समजावलं.

"म्हणजे ज्याचं कारण कळलंय ते कुणी करायचंच नाही, असा नियम आहे का?" तिने विचारलं.

उपव्यवस्थापकांचा घास हातातच राहिला. त्यांना हॉटेलातला तो तास आठवला. गुरुजी म्हणाले होते, कारण माहीत असेल तर प्रकल्प करू नका. पुढेही ते काहीतरी म्हणाले होते, पण त्याच क्षणी जेवणघराची दारं उघडली होती आणि उपव्यवस्थापक रांगेत पहिले होते. पुढचं वाक्य आता त्यांना आपोआप सुचलं: सरळ करून टाका. आठवडाभराच्या अभ्यासातलं निम्मं वाक्य घेऊन आपण इथवर आलो, या विचाराने त्यांना हसू आलं, आणि मग ते थांबेना. बायकोने पाणी दिलं.

सकाळी त्यांनी मोटरच्या मागणीवर सही केली. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. ती सही करायचा अधिकार त्यांना पट्ट्याच्या कितीतरी आधीपासून होता, हे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. दुपारपर्यंत वायरमनने मोटर बसवली आणि पंखा फिरू लागला. दादा बरे होऊन परतले तेव्हा त्याच्याखाली जरा वेळ नुसते उभे राहिले.

मालकांनी उपव्यवस्थापकांना बोलावून घेतलं. काम चांगलं झालं, पण प्रकल्पाशिवाय झालं, हे त्यांना पटत नव्हतं. उद्या जो तो उठून सुधारणा करत सुटेल. यावर त्यांच्याकडे तोडगा होता. मोटर जळाल्याचं माहीत नव्हतं असं धरून रीतसर प्रकल्प दाखवायचा, आणि आधीच्या स्थितीचे आकडे हवेत म्हणून पंखा आठवडाभर बंद ठेवायचा.

"पंखा बंद होणार नाही," उपव्यवस्थापक म्हणाले. आवाज आपलाच आहे का, हे बघायला त्यांनी मागे वळूनही पाहिलं.

बढतीचा कागद सहीविना परत आला. शेऱ्यात 'सुधारणेस विरोध' असं लिहिलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांना पुन्हा त्याच हॉटेलात पाठवण्यात येत आहे. या खेपेस ते रांगेत शेवटी उभे राहणार आहेत.

राहता राहिले वाचक. त्यांना हे वाचताना आपल्या ऑफिसातले दोन-तीन पट्टेवाले आठवले असतील, आणि ते स्वाभाविक आहे. पण वाचायला बसताना जे एक काम तुम्ही बाजूला सारलंत, ज्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे आणि फोन कुणाला लावायचा हेही ठाऊक आहे, ते कुठल्याच प्रकल्पात बसत नाही. तेव्हा काळजीचं कारण नाही. बसा निवांत.