झऱ्याचा आवाज वजा जाता

जमिनीला स्वतःचा असा भाव नसतो. कुणीतरी तिच्याकडे प्रेमाने पाहतं आणि त्या क्षणापासून ती भाव खायला लागते. म्हणून शहाण्या खरेदीदाराने जमीन आवडू देऊ नये. आवडलीच तर घरी येऊन, दार लावून, आवडून घ्यावी.

हे ज्ञान दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या मेहुण्याकडून मिळालं. मेहुणा वाटाघाटींतला जाणकार होता. त्याने एक जुनी स्कूटर निम्म्या किमतीत पटकावली होती. (स्कूटर चालत नाही, पण भाव आजही ऐकण्यासारखा आहे.)

डॉक्टरांची गरज साधी होती. बावीस वर्षं कानाशी ड्रिलची घरघर घेऊन ते जगत होते, आणि आता दर रविवारी कुठेतरी जाऊन काहीही ऐकायचं नाही अशी त्यांची इच्छा होती. बायकोला तेवढं कारणही लागत नव्हतं. घराच्या खिडकीतून तिला समोरच्या इमारतीचे पाइप दिसत, आणि त्यांतला कुठला कधी गळतो हे तिला पाठ झालं होतं.

जागेची बातमी दाढ काढायला आलेल्या पोस्टमनने दिली. त्याच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे पहिल्या रविवारी मंडळी भलत्याच गावी जाऊन आली. दुसऱ्या रविवारी जागा सापडली. उतारावरचा तुकडा, मधून झरा, वर चार मोठी झाडं, समोर डोंगर. मालकीणबाई बदकं पाळत. त्यांचे गुडघे गेले होते, आणि जागा विकून त्यांना लिफ्ट असलेल्या इमारतीत बहिणीशेजारी राहायला जायचं होतं. सगळे त्यांना काकू म्हणत. काकूंनी आकडा सांगितला. डॉक्टरांच्या मनात आलं, ठीक आहे की. (खरेदीदाराच्या आयुष्यातली ही सर्वांत धोक्याची अवस्था.)

"विचार करून सांगतो," असं म्हणत मेहुण्याने दोघांना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि घरी येताच प्रशिक्षण सुरू केलं. त्याच्या पाहणीनुसार शंभरांतल्या नव्वद जमिनी चेहऱ्यामुळे महाग पडतात. (उरलेल्या दहांत खरेदीदाराने टोपी नाकापर्यंत ओढलेली असते.) बैठकीच्या खोलीत त्याने कॅलेंडरवरची तळ्याची चित्रं एकेक करून दोघांसमोर धरली आणि भुवयांवर लक्ष ठेवलं. डॉक्टर पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झाले. लोकांच्या तोंडात काय काय पाहूनही चेहरा न हलवण्यावर त्यांचा व्यवसाय उभा होता. बायको मात्र फेब्रुवारीलाच "अगं बाई" म्हणाली.

"ताई, असं केलंस तर भाव दुप्पट होईल."

"मग आवडलं तर करू काय? पोटात ठेवू?"

यावर खास तिच्यासाठी तरतूद करण्यात आली. काही आवडलंच, तर खोकायचं.

पुढच्या रविवारी तिघं तोंड पाडून जागेवर हजर झाले. बायको फाटकातून आत आली आणि खोकली. झाडांखाली दोनदा खोकली. झऱ्यात पिल्लं एका रांगेत उतरली तेव्हा तिला असा ठसका लागला की काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. खोकला संसर्गजन्य असल्याने डॉक्टरही मधूनमधून खोकू लागले.

"झऱ्याचा आवाज फार येतो," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मेहुण्याने लिहून दिलं होतं.

काकू कान देऊन ऐकू लागल्या. त्या सरळ मनाच्या होत्या. "खरंय हो. चाळीस वर्षांत लक्षातच आलं नाही माझ्या. सवय झाली असणार." आणि त्यांनी आकडा थोडा खाली आणला.

मग उताराला उतार असल्याचं निदर्शनास आणण्यात आलं. डोंगर अगदीच समोर होता. सूर्य सकाळी थेट तोंडावर यायचा आणि संध्याकाळी निघून जायचा. प्रत्येक दोषाला काकू मान डोलवत आणि भाव कमी करत. मेहुणा इतका खूश झाला की त्यालाही खोकला आला.

परतताना बायको म्हणाली, "घेऊन टाकूया. आता आपल्यालाच लाज वाटेल इतका कमी झालाय."

"ताई, भाव उतरतोय. उतरू दे की त्याला."

त्यानंतरच्या रविवारी काकू दारातच वाट पाहत होत्या. त्यांच्या हातात बदकांच्या खाद्याच्या पिशवीचा फाडलेला कागद होता, आणि त्यावर एकोणीस दोष लिहिले होते. त्यांतले पहिले चार डॉक्टरांनी काढलेले. बाकीचे काकूंनी आठवडाभर, गुडघा धरून जागेवर फिरत, स्वतः शोधले होते. गवत ओलं असतं. पाखरं पहाटेच सुरू होतात. सगळ्यांत शेवटी, दोनदा अधोरेखित: हवा वाईट, माणसं खोकतात.

"मी हिशेब करून पाहिला, डॉक्टर," काकू म्हणाल्या. "या यादीप्रमाणे जागा घेतल्याबद्दल मीच तुम्हाला पैसे द्यायला हवेत. तेवढे माझ्याकडे नाहीत. तेव्हा राहू द्या. इतकी वाईट जागा भल्या माणसांच्या गळ्यात मारणं मला जमणार नाही. मी आपली मरेपर्यंत इथेच राहीन."

वाटाघाटींच्या शास्त्रात या प्रसंगाला उत्तर नाही. मेहुण्याने उत्तरासाठी आभाळाकडे पाहिलं. डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि बावीस वर्षं सांभाळलेला त्यांचा चेहरा त्या अंगणात, सहा बदकांसमक्ष, गळून पडला.

"काकू, मी खोटं बोललो. त्या झऱ्याचा आवाज ऐकला आणि घरी जाऊन त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपलो."

काकूंनी कानामागची पेन्सिल काढली. "मग हा दोष नाही म्हणायचा. मी वजा केलेले परत घालते." त्यांनी ते परत घातले. व्यवहार म्हणजे व्यवहार.

"डोंगर समोर आहे तेच बरं आहे. मागे असता तर मान वळवावी लागली असती."

"तेही परत." उतार, सूर्य आणि काकूंनी स्वतः शोधलेले दोषही असेच एकेक करून परत गेले.

"भाऊजी," मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, "मूळ आकड्यावर आलात. थांबा आता."

पण तोवर त्याच्या ताईला तोंड फुटलं होतं. यादीत नसलेल्या गोष्टीही ती बोलू लागली. ओल्या गवताचा वास, झाडाखालचा उजेड, बदकं चालताना मागून मुनिमासारखी दिसतात ते. बोलता बोलता ती हसू लागली, आणि हसता हसता झऱ्यात घोट्यापर्यंत उतरली. चपलांसकट. डॉक्टरांनी तिला असं हसताना पाइप दिसू लागल्यापासून पाहिलं नव्हतं. काकू इमानेइतबारे प्रत्येक गोष्टीचे पैसे वाढवत होत्या, कारण वाईटाचे वजा करायचे आणि चांगल्याचे धरायचे नाहीत हा कुठला न्याय.

मेहुणा इशारा म्हणून जोरजोरात खोकू लागला.

"बघा, यांना हवा बाधतेय," काकू पुन्हा काळजीत पडल्या.

"नाही हो काकू, खोकला म्हणजे आम्हाला आवडलं," बायको पाण्यातून म्हणाली. "तसं ठरलं होतं आमचं."

काकूंची पेन्सिल थांबली. "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला सत्तावीस वेळा आवडलं होतं?"

(त्यांनी मोजले होते. दोन दिवस त्या काढ्याचा विचार करत होत्या.)

सत्तावीस खोकले धरल्यावर आकडा मुळाच्या दीडपट झाला. डॉक्टर म्हणाले, "मान्य." मेहुणा फाटकाला टेकून खाली बसला. काकूंनी कागदाकडे पाहिलं, झऱ्यातल्या बाईकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "उभं राहून माझे पाय भरून आलेत. खोकल्याचे सोडून देते. बाकीचे द्या."

अशा रीतीने सौदा झाला. काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याहून थोड्या जास्त किमतीला, आणि ती किंमत दोन्ही बाजूंना रास्त वाटली. मेहुणा दीडपटीपासून मोजतो आणि आपण केवढी घट मिळवून दिली हे लग्नकार्यात सांगतो. हल्ली लोक त्याचा सल्ला घ्यायला येतात.

आता वाचकांविषयी. काकू बहिणीकडे रमल्या का, लिफ्ट चालते का, सहा बदकं कुणाकडे राहिली, यांतलं काहीही तुम्ही मनातल्या मनात विचारलेलं नाही. तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून एकाच गोष्टीची वाट पाहत आहात, ती म्हणजे आकडा. सांगायला काहीच हरकत नाही. पण तो कितीही सांगितला, तरी जागा एकदाही न पाहता तुम्ही म्हणणार, "महाग पडली." आणि तसं म्हणताना तुम्हाला आतून जे बरं वाटेल, त्यासाठी तुम्ही किती द्यायला तयार आहात, ते आधी ठरवा.