सात नंबरची पिशवी

रोशनने टॉवेलखाली डोकं घालून वाफेचा पाचवा श्वास ओढला. "आई, कसली पानं टाकलीस गं? नाक एकदम मोकळं झालं."

"लिंबाची. फ्रिजमध्ये होती ना पिशवीत."

रोशनचं डोकं टॉवेलबाहेर आलं. पिशवीवर मोठ्ठा सात लिहिला होता. लिंबाच्या झाडांवरच्या व्हायरसचा सर्व्हे चालू होता, आणि तलासरीतल्या बारा झाडांची पानं सकाळी लॅबला जायची होती. सात नंबर म्हणजे शुक्राबाबांचं झाड. ते आता पातेल्यात उकळत होतं.

"दारात आपलं झाड असताना?"

"त्याची पानं तोडायला जिवावर येतं रे," आई, म्हणजे सुधा, म्हणाली.

मसोलीच्या घरून परत तलासरी गाठायला वेळ नव्हता. आणि नोकरी राहणार की जाणार, ते याच सर्व्हेवर ठरणार होतं. आई आत गेल्यावर रोशनने दारातल्या झाडाची आठ पानं तोडली आणि सात नंबरच्या पिशवीत भरली. लिंबू ते लिंबू. कोणाला कळतंय!

कळलं. तीन आठवड्यांनी लॅबच्या श्रुतिका मॅडमचा फोन आला. "रोशन, सात नंबर! एका झाडात दोन जातींचे व्हायरस, आणि दोघांची अदलाबदल होऊन तिसराच तयार झालाय. अर्धा ह्याचा, अर्धा त्याचा. आपल्या सर्व्हेत असा दुसरा नाही. पसरायच्या आत झाड काढायचं. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि रोशन तलासरीला पोचले, तेव्हा शुक्राबाबा झाडाखाली उभे होते. फांद्या लिंबांनी वाकलेल्या.

"बाय, झाड तर चांगला हाय. रोग कुठं?"

"आत असतो बाबा, दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरा." म्हाताऱ्याने घरातून स्वतःच कुऱ्हाड आणली. "रोशनभाऊ पानं घेऊन गेला. तो काय खोटा सांगल?"

रोशनच्या डोळ्यांसमोरून नोकरी गेली. कुऱ्हाड वर गेली.

"थांबा! मॅडम, सात नंबरची मी वाफ घेतली."

तासाभरात मॅडम रोशनच्या मसोलीच्या अंगणात होत्या. सुधाला वाटलं, झाडाचं कौतुक करायला आल्यात.

"हे विवळवेढ्याच्या जत्रेतून आणलेलं. अच्छाडच्या ढाब्यामागे एक मोसंबी होती, तिचा डोळा काढून मी ह्याच्यावर कलम बांधलं. एका झाडाला दोन फळं!"

"काकू, दोन गावचे दोन रोग तुम्ही एका घरात नांदायला आणलेत."

सुधा हळूच म्हणाली, "गल्लीत अकरा जणांना ह्याचे डोळे दिलेत मी. प्रेमाने."

दारातलं झाड गेलं. शुक्राबाबांच्या झाडाची पानं आता खरंच लॅबला गेली, ती साफ निघाली. मॅडमनी रोशनला झाप झाप झापलं आणि हातात अकरा पिशव्या दिल्या. ही अकरा झाडं शोधायला सुधाच्या मुलाइतका योग्य माणूस दुसरा कोण मिळणार? फक्त फ्रिज लॅबचा वापरायचा.

रविवारी शुक्राबाबा डब्यात एक रोप घेऊन आले. "माझ्याच झाडाचा हाय, बी रुजवून केलेला. बियातून हा रोग येत नाय, मॅडम बोलली. एकच करा बाय, ह्याला काय जोडू नका."

"छे हो बाबा, आता नाव नाही काढणार," सुधा म्हणाली. रोप तिने दोन्ही हातांनी घेतलं, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे बघत राहिली. तिकडे पपनसाला नवी पालवी फुटली होती.