भोईरकाका पाण्याला विचारतात

नारपोलीत आमची दहा बाय दहाची खोली होती आणि भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम. बाबा दोन-दोन शिफ्ट मारायचे, खोकत घरी यायचे. मांडणीवरची भांडी दिवसभर थरथरायची. ती थांबली की आई दचकायची. लूम बंद म्हणजे रोजी बंद. त्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे डॉक्टरेट केली आणि इथल्याच विद्यापीठ केंद्रात प्राध्यापक झालो. हे मी अभिमानानं सांगतो.

तिथं भोईरकाका भेटले आणि माझा गोंधळ सुरू झाला.

काका जवळच्या दापोडे गावचे. घरच्या जमिनीवर गोदामं उभी, गळ्यात बोटभर जाड चेन, नोकरीची गरज शून्य. सगळ्यांच्या सामायिक लेझर-मायक्रोस्कोपचे ते राखणदार. मशीन सुरू करण्याआधी टेबलावर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचे, त्यात डोकावायचे आणि कधी "चालव" म्हणायचे, कधी "न्हाय". विभागप्रमुखांनाही एकदा परत धाडलं. "सायेब, पानी न्हाय म्हनतंय." मला वाटलं, देवाचा कौल लावतात की काय!

कापसाच्या धुळीनं फुफ्फुसाच्या पेशींचं काय होतं, ते मला लेझरच्या प्रकाशात बघायचं होतं. वर्षाच्या आत समितीला स्पष्ट चित्रं दाखवली तरच नोकरी पक्की. आणि चित्रं येत होती पुसट. रंग बदलला, पेशी बदलल्या, भिंग तीनदा पुसलं.

"अजून पूस, बाला," काका मागून म्हणायचे.

आठव्या महिन्यात मी हरलो. "काका, माझं चुकतंय तरी काय?"

"इचारलंस एकदाचं!" त्यांनी मला पेल्यापाशी ओढलं. पाण्यावर बारीक वलयं उठत होती. "भिंतीमागं लूम चालतात. सगला टेबल हालतो. तू हालन्यातच मोठा झालास, तुला कसं कलनार?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगाया आलो. तू बोललास, काका, डॉक्टर मी हाय."

बोललो होतो खरा.

"शुक्रवारी ये. लूमला सुट्टी."

शुक्रवारी लूम बंद, हे लूमवाल्याच्या मुलाला दुसऱ्यानं सांगावं! पण मशीनच्या नोंदवहीत प्रत्येक शुक्रवारी काकांचंच नाव असायचं. आम्ही हसायचो, की म्हातारा लेझरमध्ये स्वतःचं भविष्य बघत असणार. मी ते नाव दाखवलं.

"तुमा नव्यांसाठी धरून ठेवतो. न्हायतर जुने सायेब गिलतात." मग म्हणाले, "एक ताई आली होती, नवीनच. तिला कुनी शुक्रवार दिला न्हाय. मी बी गप राहिलो. तिची नोकरी गेली. जाताना मना पेढे देऊन गेली." त्यांनी नोंदवही मिटली. "मना! पेढे!"

पुढचे सगळे शुक्रवार मी मशीनवर बसलो. काका शेजारी बसायचे, पेल्यावर नजर ठेवून.

समितीनं चित्रं पाहिली. माझी नोकरी कायम झाली, आणि नोंदवहीतला शुक्रवार आता नव्यानं आलेल्या एका मॅडमच्या नावावर आहे.