खरखर घालवायची म्हणजे काय!

"चार वाजता ये! रेडिओ खणखणीत वाजला नाही, तर खुशाल घेऊन जा!" फ्यूजकाकांनी मेव्हणीला फोनवर ठणकावलं आणि लगेच पस्तावले. उभा जन्म इन्व्हर्टरच्या कारखान्यात तपासणीत गेला होता, म्हणून जीभ चालली. पण बायको गेल्यापासून डोकं सेल उतरलेल्या घड्याळासारखं चालायचं.

रेडिओ बायकोचा, सेलवर चालणारा. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिनं ठेवला होता तिथंच. दुपारी वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, की गाण्यात पत्र्यावर खडे ओतल्यासारखी खरखर! "ताईच्या रेडिओचे हाल बघवत नाहीत. दुसरीकडे ठेवा, नाहीतर मला द्या," मेव्हणीनं बजावलं होतं. काका तो जागचा हलवायला तयार नव्हते. द्यायला तर मुळीच नाही.

वीज नेमानं गेली. काकांनी वायरींवर खरखर शोषणारी फेराइटची काळी कडी चढवली. खरखर जराशी दबली, एवढंच. मग त्यांनी इन्व्हर्टर उचलून धान्याच्या स्टीलच्या कोठीत ठेवला, कोठीला अर्थिंग दिलं, झाकण गच्च बसवलं. पत्र्याआड कोंडल्यावर बाहेर येते कशी!

मेव्हणी दारात आली आणि खरखर बंद!

"बघ! याला म्हणतात विद्या!"

"भाऊजी, मग पंखा का थांबलाय?"

काकांनी झाकण उघडलं. भट्टीसारखी धग तोंडावर आली. हवेला भोकंच ठेवली नव्हती! इन्व्हर्टर तापून आपणहून बंद पडला होता.

"इन्व्हर्टर बंद करून खरखर मीसुद्धा घालवते! द्या तो रेडिओ."

काका खिडकीला पाठ लावून उभे राहिले. भांडायचं त्राण नव्हतं. "ती गेल्यापासून घरात तेवढाच बोलतो गं."

मेव्हणीचा हात खाली आला. "बरं, काय करायचं ते सांगा लवकर."

तेव्हा कुठं काकांचं भिंतीकडे लक्ष गेलं. गॅलरीतल्या बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या दोन वायरी, एक खिडकीच्या वरून, एक खालून, आणि रेडिओ बरोबर मधे! जोडीच्या वायरींची फारकत करू नका, मधल्या जागेत खरखर माजते, असं कारखान्यात ते नव्यांवर ओरडत. घरात मात्र आनंद!

जोडण्या सोडवल्या. दोघांनी दोन टोकं धरून दोरीसारखा पीळ घालायला घेतला.

"अगं, मी घालतोय तो पीळ तू उलगडते आहेस!"

"तुम्हीच उलटे फिरवताय! ताई उगाच नव्हती वैतागत!"

एकदाचं जमलं. कोठीबाहेर गार झालेला इन्व्हर्टर सुरू झाला, पंखा फिरला, खरखर मुंगीएवढी उरली. गाणं स्वच्छ आलं. मेव्हणीनं पदरानं डोळे टिपले.

"राहू द्या इथंच."

काकांनी सुस्कारा सोडला. तिनं खुर्ची ओढली.

"मीच येत जाईन रोज ऐकायला. हे गाणं लागलं ना, की ताई काय सांगायची..."

गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. मेव्हणी बोलतच होती. काकांना एक ओळ ऐकू आली असेल तर शपथ!

तसं बायको असतानाही कधी ऐकू आली नव्हती म्हणा.