दाराकडे जाणारी दोरी

मास्तरांनी झोपायच्या खोलीतल्या पलंगाला दोरी बांधली, टेबलाच्या पायाला वेढा दिला, फ्रिजच्या मुठीतून ओवली आणि थेट बाहेरच्या दारापर्यंत नेली. बुडालेल्या जहाजात शिरताना पाणबुडे अशीच दोरी सोडत जातात. गाळ उठून डोळ्यांपुढे अंधार झाला, की ती चाचपत बाहेर यायचं.

"डोळे झाकून दारापर्यंत आलात, तरच उद्या पाण्यात जायचं," लेकीनं बजावलं होतं. तिला पाण्याचा धसकाच होता. पण मास्तरांना जायचंच होतं. ते नि बायको वर्षानुवर्षं जोडीनं एका बुडालेल्या जहाजात उतरायचे, आणि तिनं बांधलेली शेवटची दोरी अजून त्या जहाजात होती. ती सोडवून आणायच्या आधीच बाई आजारी पडली आणि गेली. आता ती दोरी भलत्याच कुणी कापून आणावी, हे त्यांना सोसवत नव्हतं.

लेक बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. मास्तर पाणबुडीच्या मास्कला, काही दिसू नये म्हणून, काळा कागद चिकटवत बसले. आता झालं काय, तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण धुणं घेऊन आली. "बरं झालं बाई, दादानं वाळत घालायची सोय केली!" दारातली दोरी पायात येईल म्हणून तिनं ती सोडली, बाजूच्या कपाटातल्या दांडीला बांधली आणि वर ओल्या चादरी टाकल्या.

मास्तर निघाले. पहिलीच चादर थोबाडावर बसली. "जाळं! घाबरायचं नाही!" असं स्वतःलाच बजावत त्यांनी कमरेला लावलेली पाणबुड्याची कात्री काढली आणि चादर उभी फाडली.

"अरे दादा, नवी होती रे!"

"पाण्यात बोलायचं नाही!" मास्तर गरजले. टेबल कलंडलं, फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं अंगावर आलं. लेक दारात हसून हसून खाली बसली. मास्तरांनी मात्र दोरी सोडली नाही, आणि दार समजून ते कपाटात शिरले.

मग आवाजच बंद झाला.

कपाटात बायकोचे स्वेटर होते. त्यांना अजून कुणी हात लावला नव्हता. लेकीचं हसू मावळलं.

"बाबा, या ना बाहेर."

"खूण आली नाही," आतून आवाज आला. "मी पुढं, ती मागं. तिनं दंड दोनदा दाबला की निघायचं. एवढ्या वर्षांत मी एकटा कधी बाहेर आलोच नाही गं."

बहीण फाटकी चादर तोंडाशी धरून उभी राहिली. लेक कपाटात वाकली, चाचपडत तिनं त्यांचा दंड धरला आणि दोनदा दाबला.

मास्तर हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तुझी आई इतक्या जोरात नाही दाबायची."

"मग शिकवा मला," लेक डोळे पुसत म्हणाली. "आणि मी पाण्यात उतरायला शिकेपर्यंत आईची ती दोरी राहू द्या जहाजातच."